चौदावा रकाना

महाळुंगे पडवळ, ता. आंबेगाव
१४ जून १९९८

ती. स्व. मामांस,
आरतीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

निकाल तुम्हांला तुमच्या शिक्षणसंस्थेच्या ऑफिसात माझ्याआधीच कळला, त्यामुळे त्याचं वेगळं काही लिहीत नाही. अडुसष्ट टक्क्यांवर आई खूश आहे. आप्पा म्हणाले की सत्तर पडले असते तर काय वाईट झालं असतं. पण पेढे त्यांनीच मंचरहून आणले.

ठरल्याप्रमाणे जनावरांच्या दवाखान्याच्या पदविकेचा फॉर्म पुण्याहून आला. पास झाले की पशुधन पर्यवेक्षक म्हणून सरकारी दवाखान्यात लागता येतं. वाडीतल्या बायका हसतात की पडवळांची पोर आता बैलांना सुया टोचणार. हसू देत.

अडलंय ते चौदाव्या रकान्याशी. ‘उमेदवाराविरुद्ध पोलिसांत अथवा न्यायालयात एखादे प्रकरण प्रलंबित आहे काय? असल्यास तपशील द्यावा.’ पुढे होय आणि नाही असे दोनच शब्द छापलेत, एकावर काट मारायची आहे.

सगळं क्रमाने लिहिते, म्हणजे तुम्हांला नेमकं सांगता येईल. डिसेंबरात मी बारावीसाठी तुमच्याकडे ओतूरला असताना तुम्ही गाय घेऊन बेल्ह्याच्या बाजाराला गेला होतात. गिऱ्हाइकाने लस टोचल्याचा दाखला मागितला, आणि तुम्ही निरोप पाठवलात की आरतीला दाखला घेऊन मोपेडवर लावून द्या. बेल्ह्याच्या अलीकडच्या उतारावर बायडाबाई रस्ता ओलांडत होत्या. मला गाडी थांबवता आली नाही. त्यांचा पाय मोडला. माझ्याकडे लायसन नव्हतं. बेदरकारपणे गाडी चालवून दुखापत केली, आणि विनालायसन चालवली, असं माझ्यावर लावलंय. जुन्नरच्या कोर्टात दोन तारखा झाल्या, दोन्ही वेळा पुढची तारीख मिळाली. मग हे प्रलंबित झालं ना?

आप्पा म्हणतात मामांना विचार, त्यांचा जन्म फॉर्म तपासण्यात गेला. म्हणून विचारते. दहा जुलै शेवटची तारीख आहे.

मामींना नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची भाची,
आरती


ओतूर, ता. जुन्नर
१७ जून १९९८

चि. आरतीस,
ज्ञानेश्वरमामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. ‘प्रलंबित’ हा शब्द तू दोन्ही वेळा बरोबर लिहिलास, तो आमच्या हेडक्लार्कांना अजून जमत नाही. तुझी मामी म्हणते की तू गेल्यापासून आमची कालवड कोणाला जवळ येऊ देत नाही. तिला आधी ट्रेनिंग द्यायला हवं होतंस.

आता कामाचं. ‘होय’वर काट मार आणि ‘नाही’ ठेव.

अठरा वर्षं मी या टेबलावर फॉर्म घेतो. फोटो चिकटवलाय का, सही आहे का, रकाना मोकळा नाही ना, एवढं बघतो. ‘नाही’ लिहिलेलं कोणी वाचत नाही. ‘होय’ लिहिलं की तो फॉर्म वेगळ्या गठ्ठ्यात जातो आणि तो गठ्ठा कोणी उघडत नाही. शिवाय हा रकाना चोऱ्यामाऱ्या करणाऱ्यांसाठी आहे. रस्त्यावरचा अपघात कोणाच्याही हातून होतो. कोर्टाने दोषी ठरवलं तर गोष्ट वेगळी. अजून ठरवलेलं नाही, मग आपण आपल्या हाताने का लिहून द्यावं?

दुसरं. बायडाबाईंकडे जाऊ नकोस. तुझ्या मनात ते घोळतंय असं तुझी आई मंगलताई म्हणत होती. वकिलांनी आरोपीने तिकडे फिरकू नये असं बजावलंय. जखमीला भेटलं की दबाव आणला म्हणतात.

आप्पांना नमस्कार. आहे तशी राहा आणि आमची आठवण ठेव.

तुझा,
मामा


महाळुंगे पडवळ
२३ जून १९९८

ती. स्व. मामांस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र आप्पांना वाचून दाखवलं. त्यांना पटलं. मलाही दोन दिवस पटलं होतं. मग फॉर्म पुरा वाचला. शेवटी लिहिलंय की वरील सर्व माहिती खरी आहे, आणि त्याखाली माझी सही. ती सही मला होईना. मामा, आधी जे घडलं ते माझ्या हातून घडून गेलं. हे मात्र मी टेबलाशी बसून, विचार करून केलं असतं.

म्हणून ‘होय’ ठेवलं आणि एक कागद जोडणार आहे. पाठवण्याआधी तुम्हांला उतरवून देते. शब्द चुकला असेल तर सांगा.

‘दि. २२ डिसेंबर १९९७ रोजी मी लायसन नसताना मोपेड चालवत होते. बेल्हे गावाजवळ उतारावर एक बाई रस्ता ओलांडताना दिसल्या. अंतर पुरेसे होते. मी ब्रेक वेळेवर दाबला नाही. त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली मोडला. मी त्यांना टेंपोतून दवाखान्यात नेले. खटला जुन्नर न्यायालयात चालू आहे.’

‘वेळेवर दाबला नाही’ हे लिहायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला. कारण मला आठवतंय की मी दाबला होता. पुरा दाबला होता. पण दुसऱ्या दिवशी तपासणीच्या साहेबांनी आपल्यासमोर ब्रेक दाबून दाखवला आणि सुस्थितीत असं लिहिलं. म्हणजे माझंच चुकलं. माणूस घाबरला की हात चालत नाही, आणि चालला असं वाटत राहतं, असं मी आता धरून चालते.

वकीलसाहेबांचं ऐकते, बायडाबाईंकडे गेले नाही. पण ते बरोबर आहे असं मला वाटत नाही.

रागावू नका. ओरडायचं तर भेटल्यावर ओरडा.

तुमची,
आरती


ओतूर
२६ जून १९९८

चि. आरती,
आशीर्वाद.

फॉर्म टाकू नकोस. तो कागद तर अजिबात जोडू नकोस. कोरा फॉर्म माझ्याकडे पाठव, मी नीट भरून देतो. ब्रेकबद्दल कुठे काही लिहायचं कारण नाही. तुला विचारलंय तेवढंच सांग, जास्त नको.

हे पत्र मिळताच कळव.

मामा


महाळुंगे
१ जुलै ९८

चि. ज्ञानास,
मंगलताईचा आशीर्वाद.

मी चौथी शिकलेली, अक्षर लावून वाच. पोरीनी फारम सोमवारी मंचरला जाऊन रजिस्टर टाकला. तुझं पत्र नंतर आलं. आधी आलं असतं तरी तिनं टाकलाच असता, ती कोनाची ऐकती.

मी लिहिती ते दुसऱ्याच कारनानं. तू काल एकाएकी आलास. बसलास. ताट वाढलं तर हात लावला न्हाई. फारम पोस्टातून परत मागवता येतो का म्हनून इचारलंस, न्हाई म्हटल्यावर पान्याचा तांब्या तसाच ठिऊन येष्टीला गेलास. आरती मळ्यात व्हती, तिला हाकसुदिक मारली न्हाई. तिचे आप्पा म्हनले पावन्याचं काय बिनसलं. मी काय सांगू?

तुझी तब्येत बरी हाय का? हापिसात काय झालं का? मला खरं लिही. मी तुझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी हाय, तुझं त्वांड मला वाचता येतं, अक्षर न्हाई आलं तरी.

आमच्या भावजयीला, सुमनला, ईचारलं म्हनून सांग.

तुझी ताई


ओतूर
५ जुलै १९९८

चि. आरतीस,
आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही, तरी लिहितो.

तू ब्रेक दाबला होतास.

मागच्या ब्रेकची केबल तुटत आली होती. तारा सुटून दोनच राहिल्या होत्या. पुढचा ब्रेक कधीपासून नावालाच होता. अपघाताच्या आधीच्या आठवड्यात गॅरेजवाल्या सोपानने मला सांगितलं होतं की भाऊ, ही केबल आज बदला. मी म्हटलं बघू. मला सवय झाली होती, मी बूट रस्त्याला घासून गाडी थांबवायचो. बाजारातून निरोप पाठवला तेव्हा माझ्या डोक्यात फक्त गिऱ्हाईक होतं. केबलची आठवणसुद्धा झाली नाही. झाली असती तर तुला बोलावलं नसतं, एवढं तरी खरं मान.

मी पोचलो तेव्हा तू बायडाबाईंबरोबर टेंपोत बसून निघून गेली होतीस. गाडी कडेला पडली होती. मी उचलली, आणि ब्रेकचा लिव्हर हाताला लोंबता लागला. त्याच क्षणी मला सगळं कळलं. पोलीस अजून आले नव्हते. मी गाडी दुसऱ्या टेंपोत टाकून सोपानकडे नेली आणि दोन्ही केबली बदलून घेतल्या. त्याने काही विचारलं नाही. सकाळी गाडी चौकीत नेऊन दिली.

साहेबांनी ब्रेक दाबून दाखवला तेव्हा तू माझ्या शेजारी उभी होतीस. ते बाजूला झाल्यावर तू पुढे होऊन तो लिव्हर स्वतः दाबून पाहिलास. दोनदा. मग आपल्या हाताकडे पाहिलंस. मी ते बघितलं आणि गप्प राहिलो.

का, तर माझी गाडी, माझी नोकरी, संस्थेत नाव. नंतर वाटलं, तू लहान आहेस, दंडावर सुटशील, कोणाच्या लक्षातही राहणार नाही. तुला ‘नाही’ लिही म्हटलं त्यात तुझं भलं होतंच, पण माझंही होतं. तुझा तो कागद वाचला आणि ‘वेळेवर दाबला नाही’ यापुढे मला वाचता येईना. मंगळवारी तुमच्याकडे आलो ते हेच सांगायला. ताईसमोर तोंड उघडलं नाही.

हे पत्र तू वकिलांना दाखव, कॉलेजात दाखव, तुला वाटेल तिथे दाखव. मी लिहिलंय हे नाकारणार नाही.

ज्ञानेश्वर


महाळुंगे पडवळ
४ ऑगस्ट १९९८

ती. स्व. मामांस,
नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र येऊन महिना होत आला. उत्तर लिहायला तीनदा बसले आणि उठले. सहा महिने मी जेवताना, वेणी घालताना, धार काढताना स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत होते. आईला विचारायचे की माझा हात वेळेला चालत नाही असं तुला कधी दिसलं का. आता तो हात पुन्हा माझा वाटायला लागलाय. पण तुमचा राग आलाय तो अजून आहे. खोटं कशाला लिहू.

कॉलेजने मुलाखतीला बोलावलं होतं. आप्पा बरोबर होते. टेबलापलीकडे तिघं होते. त्यांतल्या एका डॉक्टरीणबाईंनी माझा जोडकागद बाकीच्यांना मोठ्याने वाचून दाखवला. मग विचारलं की अंतर पुरेसं होतं तर ब्रेक का दाबला नाही. तुमचं पत्र माझ्या पिशवीत होतं. मी सांगितलं की हे लिहिलं तेव्हा मला तसंच वाटत होतं, नंतर वेगळं कळलं. पण ते ज्या माणसाचं आहे त्याने कोर्टात सांगायचं आहे, इथे मी सांगणं बरं नाही. लायसन नसताना गाडीवर बसले हे मात्र पुरतं माझं.

एक गृहस्थ चिडले. म्हणाले, चांगल्या मुलांची रांग लागलेली असताना आपण कोर्टाच्या तारखा कशाला सांभाळायच्या. डॉक्टरीणबाईंनी विचारलं की अपघातानंतर मी काय केलं. मी सांगितलं, शेजारच्या रानातली ज्वारीची ताटं मोडली, ओढणी फाडली आणि बायडाबाईंचा पाय बांधला. आमच्या वासराचा पाय मोडला होता तेव्हा डॉक्टरांना कामट्या बांधताना पाहिलं होतं. बाईंनी विचारलं, किती ठिकाणी बांधलं, गुडघ्याच्या वर बांधलं का. मी नाही म्हटलं. तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं की मोडल्याच्या वरचा आणि खालचा, दोन्ही सांधे धरून बांधायचं असतं. म्हणजे ते मी चुकीचं बांधलं होतं. मी हातातल्या कागदाच्या पाठीवर लिहून घेतलं. त्यावर ते चिडलेले गृहस्थ हसले.

प्रवेश मिळालाय, पण तात्पुरता. कोर्टाचा निकाल कळवायचा. मोठी शिक्षा झाली तर नाव कमी होणार.

तुमचं पत्र मी वकिलांना दाखवलेलं नाही. कॉलेजातही नाही. तुमचं आहे, तुम्ही ठरवा. आईला मात्र वाचून दाखवलं. तिच्यापासून लपवणं मला जमलं नाही.

मामींना नमस्कार.

आरती


महाळुंगे
९ आगस्ट ९८

ज्ञाना,

आशीर्वाद नंतर.

तू भ्यालास त्याचं मला लई न्हाई. मानूस भितो. आपला बाप बी सरकारी मानूस दिसला की घरात जायचा. पन ही पोर घरी आली की मला इचारायची, आई माझा हात लुळा हाय का गं. तवा तू संक्रांतीला आमच्याकडं व्हतास, माझ्या चुलीम्होरं बसून भाकर खात व्हतास. ती इचारत व्हती आन् तू ऐकत व्हतास. मी ते ध्यानात आनून बघती आन् मला काय करावं कळत न्हाई.

नोकरीचं म्हनशील तर तुझ्या घरात दोन मानसं, अडीच एकर रान. उपाशी मरनार न्हाईस. माझ्या पोरीच्या कपाळावर ते जन्माला राहील.

तू कोर्टात जा. न्हाई गेलास तर भाऊबीजेला येऊ नकोस.

गेलास तरी यंदा येऊ नकोस. पुढल्या साली बघू.

सुमनचा याच्यात काय दोष न्हाई, तिला धाडलीस तर धाड.

मंगल


ओतूर
२२ जानेवारी १९९९

चि. आरतीस,
अनेक आशीर्वाद.

परवा जुन्नरला साक्ष झाल्यावर मी तुझ्याशी न बोलता निघालो. पिंजऱ्यातून उतरलो तो तुझ्याकडे न बघता सरळ स्टँडवर गेलो. वकिलांनी शेवटपर्यंत सांगितलं की तुम्ही स्वतःचा गळा अडकवताय. सोपाननेही केबल बदलल्याचं सांगितलं. त्याला मी आग्रह केला नव्हता, तो आपणहून आला. म्हणाला, भाऊ, मी त्या दिवशी इचारलं न्हाई ते मलाच खात व्हतं.

पुरावा बदलल्याबद्दल माझ्यावर वेगळं प्रकरण नोंदवलं जाईल असं दिसतं. संस्थेने हेडक्लार्कची जागा दुसऱ्याला दिली. ती मला मिळणारच होती असं लोक म्हणतात, आता काय म्हणायचं ते म्हणोत. नोकरी आहे. टेबल तेच आहे.

एक गंमत कळवतो. दर वर्षी संस्था आम्हां कर्मचाऱ्यांकडून माहितीपत्रक भरून घेते, त्यातही तसाच रकाना आहे. ते घेऊन मी अर्धा तास बसलो. प्रकरण अजून नोंदवलेलं नाही, नुसतं होणार आहे, तेव्हा ‘नाही’ लिहिलं तरी खोटं झालं नसतं. मग तुझ्यासारखाच एक कागद जोडला. साहेबांनी वाचला, चष्मा काढला आणि माझं पत्रक वेगळं ठेवलं.

भाऊबीजेला तुझी मामी ताईकडे जाऊन आली. ताईने तिला शेंगा दिल्या. माझ्याबद्दल काही विचारलं नाही, पण पिशवी दोघांना पुरेल एवढी होती.

अभ्यास नीट कर. होस्टेलात जेवण कसं आहे ते कळव.

तुझा,
मामा


पुणे
१६ मार्च १९९९

ती. स्व. मामांस,
आरतीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

काल निकाल लागला. तुम्हांला वकिलांकडून कळलं असेल, तरी माझ्याकडून कळवते. बेदरकारपणाच्या आरोपातून सोडलं. लायसनबद्दल दंड झाला, तो आप्पांनी तिथेच भरला. न्यायाधीशांनी मला विचारलं की आता लायसन काढलं का. मी नाही म्हटलं. म्हणाले, आधी ते काढा. आज कॉलेजात निकालाची नक्कल दिली. डॉक्टरीणबाईंनी ती फाइलला लावली आणि लगेच म्हशीच्या दातांबद्दल प्रश्न विचारला. मला आला नाही.

बायडाबाई निकालाला आल्या होत्या. काठी आहे. पाय सरळ बसलाय, पण थंडीत ठणकतो आणि उकिडवं बसता येत नाही, त्यामुळे खुरपायला जाता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. कोर्टाबाहेर झाडाखाली मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. आता वकिलांनी अडवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. माझी चूक झाली असं मी म्हटलं. त्यांनी काठी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या की वर्ष झालं, तू येशील म्हनून वाट बघत व्हते. त्या दिवशी टेंपोत तू माझा पाय मांडीवर धरला व्हतास आन् नंतर तोंडच दाखवलं न्हाईस, याचंच वाईट वाटत व्हतं. वकिलांचं नाव सांगायची लाज वाटली.

मग त्यांनी विचारलं की मी खरंच गुरांच्या डॉक्टरकीला आहे का. त्यांच्या गाईची कास एका बाजूने दगडासारखी झालीय, एका सडातून दूध उतरत नाही. मी सांगितलं की मी पहिल्याच वर्षाला आहे, मला इंजेक्शन द्यायची परवानगी नाही. त्या म्हणाल्या, इंजेक्शन कोन मागतंय, बघून तर सांग कुनाला दाखवायची ते. येत्या रविवारी येते म्हणून मी कबूल केलं.

उठताना त्यांनी तुमचं विचारलं. तो मामा आज का आला नाही म्हणाल्या. मी काही बोलायच्या आत त्याच पुढे म्हणाल्या की त्यानं पिंजऱ्यात उभं राहून साहेबाला समदं सांगितलं. मला काय अजून सांगितलं न्हाई. येताना त्यालाबी घेऊन ये.

हे जसं बोलल्या तसं लिहिलंय. यायचं की नाही ते तुम्ही बघा. मी सकाळी साडेनऊला बेल्ह्याच्या स्टँडवर असेन.

माझा राग बराचसा गेलाय. उरलाय तो जाईल तसा जाईल.

तुमची,
आरती


ओतूर
१८ मार्च १९९९

चि. आरतीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र आज दुपारी मिळालं. लगेच उत्तर टाकतो, म्हणजे रविवारच्या आत तुला पोचेल.

मी पहिल्या गाडीने येतो. साडेनऊपर्यंत थांबणार नाही. तू येण्याआधी मला त्यांच्याकडे एकट्याने जायचं आहे. घर कुठे आहे ते विचारत जाईन, लोक सांगतील.

तू सावकाश ये. मी तिथेच असेन.

तुझा,
मामा